दुपारतीनची थाप

सत्तरी ओलांडलेल्या एका मानी माणसाला मी माझ्या दवाखान्यात, बाहेरच्या बाकावर बसलेल्या सगळ्या पेशंटांना ऐकू जाईल अशा आवाजात, ‘हात पसरा’ असं सांगितलं.

माझ्या बाजूने एवढंच म्हणता येईल की मी तेव्हा अर्धा झोपेत होतो. जामसंड्यात दुपारी जेवून दवाखान्यात बसणं ही प्रॅक्टिस नव्हे, तपश्चर्या आहे. त्या दिवशी बांगड्याचं तिखलं होतं आणि वर दोन वाट्या सोलकढी. खिडकीतून खारा वारा येत होता. माडाच्या झावळीची सावली माझ्या टेबलावर पाण्यासारखी हलत होती, आणि तिच्याकडे बघता बघता आपण टेबलासकट कुठेतरी वाहत चाललोय असं मला वाटत होतं. अशा वेळी माणसाने सही करू नये आणि तोंड तर मुळीच उघडू नये.

दाजी घाडी आत आले ते डावा हात सदऱ्याच्या खिशात घालून. उंच, सडसडीत, पांढरी टोपी. बरोबर त्यांची मुलगी सुलू. तिनेच सांगायला सुरुवात केली.

‘डॉक्टर, बाबांच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकलीत. दुखत नाहीत. पण सरळच होत नाहीत आणि त्यामुळे त्यांना…’

‘त्यामुळे काय ता सांगू नको,’ दाजी म्हणाले.

आम्हां हाडांच्या डॉक्टरांची एक अगदी सोपी तपासणी आहे. पेशंटने पंजा टेबलावर पालथा ठेवायचा. तो सपाट बसला तर ठीक. बोटं खालून कमान करून राहिली, टेबल आणि तळहात यांच्यामध्ये फट दिसली, तर आजार उपचाराच्या पायरीला आला असं समजायचं. हिला टेबलटॉप टेस्ट म्हणतात. हिला लागतं फक्त एक टेबल. शिकताना मी हे सगळं इंग्रजीत शिकलो, तेव्हा डोक्यात वाक्य इंग्रजीत तयार झालं आणि तोंडातून बाहेर पडताना त्याचं मराठी झालं. झोपेत झालं.

‘हात पसरा,’ मी म्हणालो.

दाजी माझ्याकडे बघत राहिले. ‘काय म्हणालास?’

म्हाताऱ्या माणसांना कमी ऐकू येतं, त्यांच्याशी सावकाश आणि मोठ्याने बोलावं, असं आम्हांला शिकवतात. मी सावकाश आणि मोठ्याने बोललो. ‘हात! पसरा! माझ्यासमोर!’

बाहेरच्या बाकावरची कुजबुज थांबली.

दाजी उठले. ‘माझ्या बापाशीन कोणाफुडे हात पसरूक नाय. मी पसरतंय तो एका रामेश्वराफुडे. तू काय देव आसस?’

यावर गप्प बसायचं असतं. मी खरं ते सांगितलं. ‘नाही. ऑर्थोपेडिक सर्जन.’

दाजी गेले. खिशातला हात खिशातच राहिला. सुलूने दारात वळून माझ्याकडे बघितलं. तिची ती नजर मला संध्याकाळपर्यंत पुरली.

आता माझ्या दवाखान्याचा खरा कारभार मार्था सिस्टर बघतात. त्या आरोंद्याच्या, लग्न होऊन इकडे आलेल्या. अर्धे नातेवाईक गोव्यात, त्यामुळे रागावल्या की त्यांची मालवणी थोडी पणजीच्या बाजूला झुकते. त्या आत आल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. त्या दार लावून घेतात तेव्हा मला शाळेतलं सगळं आठवतं.

‘हात ठेवा म्हणूक काय झाला होता तुमका?’

‘अहो, टेबलटॉप टेस्ट…’

‘टेबलाक काय होतला? माणसाक होता. तुमी ओळखलास नाय त्यांका? पखवाजाचे दाजी ते. आमच्या वाड्यातल्या चर्चच्या फेस्ताकसुद्धा लोक त्यांका बोलावन नेत, आणि आमचो पाद्री पायान ठेको धरी. आता भजनाच्या बुवान त्यांच्या हातात टाळ दिल्यान. पखवाज वाजवणाऱ्याक टाळ! त्याच्यापेक्षा घरी बस म्हटला असता तर बरा होता.’

माझी झोप उतरली.

ज्यांना पखवाज फक्त लांबून ऐकून माहीत आहे त्यांच्यासाठी सांगतो. पखवाजाच्या डाव्या तोंडावर कणकेचा गोळा थापलेला असतो. त्यावर उघड्या पंजाची सपाट थाप पडली की तो आवाज कानात नाही, पोटात ऐकू येतो. पंजा सपाट हवा. बोट वाकलेलं असलं की आधी बोटाचं टोक लागतं, मग तळवा, आणि थापेचे दोन तुकडे होतात. म्हणजे दाजींचं जे काही गेलं होतं ते सगळं टेबल आणि तळहात यांच्यामधल्या त्या फटीतून गेलं होतं. आणि ती फट बघायला मी त्यांना भिकाऱ्यासारखा हात पुढे करायला सांगितला होता.

‘काय असात ओ त्यांका?’ सिस्टरांनी विचारलं.

‘न बघता काय सांगू? पण बहुतेक डुपुट्रेन.’

‘दुपारतीन?’

‘डुपुट्रेन. कॉन्ट्रॅक्चर.’

‘ताच म्हणतंय मी. दुपारतीन. तुमका पण तोच झालेलो आसा. रोज होता.’

त्या दिवसापासून आमच्या दवाखान्यात त्या आजाराचं नाव दुपारतीन आहे. परीक्षेला मी ते लिहिलं असतं तर नापास झालो असतो, पण पेशंटांच्या ते चटकन लक्षात राहतं.

रविवारी मी माफी मागायला निघालो. दाजींचं घर विजयदुर्गच्या खाडीच्या पलीकडे. होडीत मी एकटाच होतो आणि होडीवाला बोलणाऱ्यांतला नव्हता. पाणी असं स्थिर की वल्ह्याने ते फाटायचं आणि मागे पुन्हा शिवलं जायचं. किल्ला उन्हात विरघळल्यासारखा दिसत होता. मी मनातल्या मनात भाषण तयार करत होतो. ‘दाजी, भाषेचा घोटाळा झाला.’ ‘दाजी, तसा अर्थ नव्हता.’ प्रत्येक वाक्य पाण्यात पडून विरून जात होतं. पलीकडे उतरलो तेव्हा डोक्यात फक्त ‘दाजी’ एवढंच उरलं होतं.

दाजी पडवीत बाकावर बसले होते. मला बघून त्यांनी डोळे मिटून घेतले. झोपलेल्या माणसाला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्या मालवणी माणसाला कोण उठवणार? सुलूने कोकम सरबत आणलं आणि बापाकडे बघून कपाळावर हात मारला.

मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो. समोर खळं, खळ्यात तुळस, त्यापलीकडे काजूची झाडं, आणि त्यांच्यामधून खाडीचा एक चकाकता तुकडा. भिंतीवरच्या खुंटीला पखवाज लटकत होता, जुन्या लुगड्याच्या गवसणीत. झोक्यातल्या बाळासारखा. वारा आला की तो किंचित हलायचा. कुठेतरी एक भारद्वाज घुमत होता. मी माफी मागायला आलो होतो हे मी हळूहळू विसरत चाललो.

मग मला दिसलं की दाजी खरंच झोपलेत. सोंग घेता घेता त्यांचा डोळा लागला होता. उजवा हात मांडीवर स्वस्थ होता. डावा मात्र जागा होता. तो बाकावर हळूच पडायचा, उचलला जायचा, पुन्हा पडायचा. झोपेत ते वाजवत होते. आणि दर वेळी तो हात पडला की आधी एक बारीक टक् यायची आणि मग तळव्याचा मऊ आवाज. टक्-धप. टक्-धप. झोपेतही त्यांच्या कपाळावर आठी पडत होती.

दाजींनी डोळे उघडले. मी त्यांच्या हाताकडे बघतोय हे त्यांनी पाहिलं. हात खिशाकडे निघाला.

‘दाजी,’ मी म्हणालो, ‘एक थाप मारून दाखवा.’

बोलून गेलो आणि मग कळलं की मी पुन्हा काय बोललोय. आपल्याकडे पखवाजावर थाप मारतात आणि लोकांना थापा मारतात. एका आठवड्यात मी एकाच माणसाला आधी भिकारी ठरवलं होतं आणि आता खोटारडा.

दाजींनी आधी माझ्याकडे बघितलं, मग खुंटीवरच्या पखवाजाकडे. मग त्यांच्या मिशीला काहीतरी झालं.

‘थापा मारूक मी काय डॉक्टर आसय?’

सुलू आतल्या दारातून फिस्सकन हसली. आणि दाजींनी हात उचलला आणि बाकावर मारला. सगळा राग त्या एका थापेत होता. पखवाज खुंटीवर आतल्या आत गुणगुणला.

‘आता हलू नका,’ मी ओरडलो आणि पडवीतल्या सारवलेल्या जमिनीवर आडवा झालो.

तिरकं ऊन पडवीत येत होतं. बाक आणि दाजींचा तळहात यांच्यामधून ते आरपार गेलं होतं, एक छोटीशी सोनेरी कमान. एवढी सुंदर पॉझिटिव्ह टेस्ट मी आयुष्यात पाहिलेली नाही. मी तिथेच पडून ती बघत राहिलो.

‘ह्यो झोपलो काय?’ दाजींनी लेकीला विचारलं.

मग मी उठलो आणि त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी घेऊ दिला. तळहातावर अनामिकेच्या रेषेत एक गाठ होती, आणि गाठीतून निघून बोटाकडे जाणारी ताठ दोरी. लोक म्हणतात शीर आखडली. ही शीर नसते. तळहाताच्या कातडीखाली एक पातळ पडदा असतो. तो कातडी जागेवर धरून ठेवतो, म्हणून मूठ आवळताना ती सरकत नाही. काही माणसांत हा पडदा जाड व्हायला लागतो, त्याच्या गाठी होतात, गाठींच्या दोऱ्या होतात, आणि बटव्याची नाडी ओढावी तशा त्या बोटांना आत ओढून घेतात. सावकाश, कित्येक वर्षं. दुखत नाही, म्हणून कोणी येत नाही.

‘वादी ताठली म्हणा,’ दाजी म्हणाले. वादी म्हणजे पखवाज आवळायची चामड्याची पट्टी. यापेक्षा बरं मला सांगता आलं नसतं, म्हणून मी मान हलवली.

‘माझ्या वाजवण्यान झाला ह्या?’ हा प्रश्न त्यांनी खाडीकडे बघत विचारला.

‘नाही. वाजवण्याचा संबंध नाही. वयाने होतं, पुरुषांना जास्त, घराण्यातून येतं. साखर असली तरी होतं. तुमच्या वडलांची बोटं कशी होती?’

‘बापूस तीर्थ घेताना कायम सांडी,’ दाजी हळूच म्हणाले. ‘आमी त्येका हसूचो.’ मग ते आपल्याच तळहाताकडे बघत राहिले. बहुतेक वडलांचा हात त्यांना पहिल्यांदाच दिसत होता.

या आजाराला बोटंही आवडीची असतात. सगळ्यात लाडकी अनामिका, मग करंगळी. अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या वाटेला तो फारसा जात नाही. साखरेच्या पेशंटात कधी मधल्या बोटाकडे वळतो, पण तिथे बहुधा सौम्य असतो. तरुण वयात आला, दोन्ही हातांवर आला, तळपायालाही गाठी आल्या, तर तो हट्टी समजायचा, काढला तरी परत येणारा. आणि नुसतं बोट किती वाकलंय एवढ्यावर त्याची तीव्रता ठरत नाही. ते कुठल्या सांध्यात वाकलंय हे बघावं लागतं. बोटाच्या मुळाशी, जिथे मूठ केल्यावर टेंगूळ येतं, तो सांधा मोठा दिलदार. वर्षानुवर्षं वाकलेला असला तरी दोरी सुटली की सरळ होतो. बोटाच्या मधला सांधा मात्र रुसतो. जास्त दिवस वाकून राहिला की तोच आखडतो, आणि मग दोरी कापली तरी तो ऐकत नाही.

दाजींची अनामिका मुळाशी वाकली होती. करंगळी मधल्या सांध्यात, गळासारखी.

हे सगळं मला माहीत होतं. हात माझ्या हातात होता. आणि तरीही, त्या पडवीत, त्या उन्हात, समोर मिशीत हसणारे दाजी, दारात उभी असलेली सुलू, माफ केलं गेल्याची ती गोड गुंगी, या सगळ्यात माझ्या तोंडून निघालं, ‘दोन्ही बोटं सरळ करून देतो. पट्टीसारखी.’

‘सप्त्यापर्यंत?’ दाजींनी विचारलं. त्यांच्या देवळात नामसप्ताह असतो, सात दिवस भजन थांबत नाही. वाड्यावाड्यांनी पहारे वाटून घेतलेले असतात. ‘आमच्या वाडीच्या पहाऱ्याक माझो हात पखवाजार पडाक व्हयो. टाळ घेवन मी देवळात जावचंय नाय. घरी बसान.’

‘पडेल,’ मी म्हणालो. एक थाप मारली की दुसरीला वेळ लागत नाही.

पुढच्या आठवड्यात साखर तपासून दाजींना घेतलं. मोठं ऑपरेशन नव्हे. सुईने करायचं काम. कातडीपुरतीच भूल द्यायची, कारण बोट पूर्ण बधिर करून चालत नाही. दोरीच्या अगदी शेजारून नस जाते, आणि सुई तिच्या जवळ गेली तर पेशंटने ओरडायला हवं.

‘बोटात करंट आल्यासारखं वाटलं तर लगेच सांगा,’ मी म्हणालो.

‘नायतर?’

‘नाहीतर बोट सरळ होईल, पण कणीक लागली की दगड ते कळणार नाही.’

दाजींनी डोळे मिटले. मार्था सिस्टरांनी टेबलावर उशी सरकवली. म्हणाल्या, ‘दाजीनु, हात ठेवा.’ ‘ठेवा’वर जोर होता आणि तो माझ्यासाठी होता.

सुईच्या टोकाने दोरी बारीक बारीक खरवडत जायचं असतं. खोली शांत होती. दाजी तोंडातल्या तोंडात बोल म्हणत होते, धा, धुमकिट, धा. हळूहळू माझी सुई त्यांच्या लयीत चालायला लागली, हे मला नंतर सिस्टरांनी सांगितलं. मला तेव्हा फक्त एवढंच जाणवत होतं की पाण्याखाली काम चाललंय, सगळं सावकाश, सगळं हिरवट, आणि वरून कुठूनतरी ताल येतोय.

‘करंट!’ दाजी म्हणाले.

मी थांबलो. सुई बाहेर काढली. माझ्या पाठीवरून घाम ओघळला आणि पाण्यातून डोकं वर आलं. जागा बदलली, थोडं अलीकडे गेलो, पुन्हा सावकाश सुरुवात केली. मग बोट धरून मागे ताणलं.

कट्.

सुकी काटकी मोडावी तसा आवाज. सुलू बाहेरून ‘काय मोडला?’ म्हणून ओरडली. अनामिका माझ्या हातात सरळ झाली होती, वर्षानुवर्षं वाकलेलीच नव्हती अशा थाटात.

करंगळीची दोरी सुटली. कट् तिथेही झालं. पण मधला सांधा अर्ध्यावर येऊन थांबला. मी ताणलं, थोडं आलं. आणखी ताणलं, कातडी पांढरी पडायला लागली. जोर केला असता तर कातडी फाटली असती. मी सोडून दिलं.

‘झाला?’ दाजींनी डोळे न उघडता विचारलं.

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

‘अनामिका पूर्ण सरळ झाली,’ मी म्हणालो. ‘करंगळी… बरीच.’

‘बरीच म्हणजे?’

‘म्हणजे पट्टीसारखी नाही.’

‘मग कशी?’

‘कोयतीसारखी,’ सिस्टर म्हणाल्या. ‘आदी गळासारखी होती.’

‘आणि पहारो?’ दाजींनी विचारलं.

मला खरंच माहीत नव्हतं. रात्रीची पट्टी, रोजचा व्यायाम, हे सगळं सांगितलं. त्या करंगळीने थाप फुटेल की नाही हे सांगणारी तपासणी माझ्या टेबलावर नव्हती. ‘जखम भरू दे, मग वाजवून बघा’ असं मी म्हणालो, आणि त्या सगळ्या प्रकरणात प्रथमच मी बरोबर वाक्य बोललो. दाजी गेले. या वेळी हात खिशात नव्हता, गळ्यातल्या झोळीत होता, पण चेहरा तोच.

मधल्या दिवसांत मी त्यांच्या करंगळीबद्दल स्वप्नंसुद्धा पाहिली. एकात ती खाडीएवढी मोठी होती आणि मी तिच्यावर होडी वल्हवत होतो.

दाजींच्या वाडीच्या पहाऱ्याला मी आणि सिस्टर गेलो. पहारा कुठल्या वेळेचा? दुपारी तीनचा. अख्ख्या गावाने जेवून डोळे मिटायची वेळ. देवळात उदबत्तीचा धूर, थंडगार फरशी, खांबांना टेकून बसलेली माणसं, टाळ आळसावून वाजतायत. दाजी पखवाज मांडीशी घेऊन बसले होते. डाव्या तोंडावर कणीक थापत होते, करंगळी तेवढी बाजूला उभी. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मी त्या करंगळीवरून नजर काढत नव्हतो. आणि मला सांगायला लाज वाटते, पण तिच्याकडे बघता बघता, खांबाला टेकून, मला झोप लागली.

मला जाग आली ती थापेने. ती कानात नाही, पाठीमागच्या खांबातून आली. एकच, अखंड, गोल. मग दुसरी. तिच्यात टक् नव्हती. मी डोळे उघडले तर खांबाला टेकलेली सगळी माणसं सरळ बसली होती आणि बुवाचा आवाज चढला होता. दाजींचा पंजा कणकेवर पडत होता, अनामिका सपाट, आणि करंगळी थोडी उचललेली, कुठेच न लागणारी, चहाचा कप धरलेल्या साहेबासारखी. तिची गरजच नव्हती. गळ होती तोवर ती आधी आपटायची. आता ती नुसती वर बसून ऐकत होती.

यातून डॉक्टरने काय शिकावं? बोट किती वाकलंय ते नंतर मोजावं, ते माणसाच्या कुठल्या कामाच्या आड येतंय ते आधी विचारावं. आणि विचारताना जागं असावं.

हे शहाणपण मला तिथे सुचलं नाही. तिथे मी पहारा संपल्यावर, हातावर प्रसाद घेत, शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणत होतो, ‘दाजींचा हात बघितलात? माझंच काम. दोन्ही बोटं सरळ करून दिली, पट्टीसारखी.’

दाजी मागेच उभे होते. त्यांनी डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला. चार बोटं लागली, करंगळी लागली नाही.

‘देवळात आसास, डॉक्टरानु,’ ते म्हणाले. ‘थाप माझी. थापा सगळ्यो तुमच्यो.’